नैरोबीच्या बांधकाम प्रदर्शनात स्टॉल लावणार असाल तर

नैरोबीला जायचं ठरलं की बहुतेक कारखानदार आधी स्टॉलचं डिझाइन काढायला बसतात. ते शेवटी करा. आधी कागद घ्या आणि आपला माल नैरोबीच्या इंडस्ट्रियल एरियातल्या एखाद्या गोडाउनच्या दारात केवढ्याला पडतो, ते काढा. हा आकडा जवळ नसेल तर तिकीट काढू नका.

मी भोसरीतल्या एका कारखान्याची निर्यात बघते. आम्ही पेव्हर ब्लॉकचे साचे, व्हायब्रेटिंग टेबल आणि सळई कापायची-वाकवायची यंत्रं बनवतो. केनियात पेव्हर ब्लॉकला ‘काब्रो’ म्हणतात. फलकावर नुसतं पेव्हर लिहिलं तर लोक पुढे जातात, काब्रो लिहिलं की थांबतात. तुमच्या मालालाही तिथे कोणतं नाव चालतं ते आधी विचारून घ्या. पत्र्याला माबाती, मिस्त्रीला फुंडी, साइटवरच्या कामाला म्जेंगो. एवढ्यावर गप्पा सुरू होतात.

नैरोबीत बिल्डएक्स्पो आणि बिग फाइव्ह ही या धंद्यातली ओळखीची नावं. ही प्रदर्शनं शहराच्या मध्यात केनियाट्टा इंटरनॅशनल कन्व्हेन्शन सेंटरमध्ये, म्हणजे सगळे म्हणतात त्या केआयसीसीत, किंवा वेस्टलँड्सच्या सरित एक्स्पो सेंटरमध्ये भरतात. पैसे भरण्याआधी त्या वर्षीची जागा नक्की करून घ्या, कारण हॉटेल त्यावर ठरतं. केआयसीसी ही १९७३ साली पूर्ण झालेली मातकट रंगाची गोल इमारत, संसद आणि सिटी हॉलला लागूनच. तिथला स्टॉल असेल आणि हॉटेल वेस्टलँड्सला, तर सकाळच्या ट्रॅफिकचा हिशोब धरा. २०२२ साली झालेला एक्सप्रेसवे टोल भरून वापरता येतो. विमानतळाहून वेस्टलँड्सला जाताना तो पैसे वसूल करतो, शहरातल्या शहरात त्याचा फार उपयोग नाही.

आता त्या कागदाकडे. आपल्याकडे सवय असते ‘एफओबी न्हावा शेवा’, म्हणजे इथल्या बंदरात जहाजावर चढेपर्यंतचा भाव, सांगून मोकळं व्हायची. तिथल्या हार्डवेअरवाल्याला त्यातून काही कळत नाही आणि कळून घ्यायची गरजही नाही, कारण शेजारच्या चिनी स्टॉलवरचा मुलगा कॅल्क्युलेटरवर त्याला केनियाच्या मोंबासा बंदरापर्यंतचा भाव काढून दाखवतो. तुम्ही सीएफआर मोंबासा द्या, म्हणजे माल आणि जहाजभाडं धरून. सीआयएफ, म्हणजे त्यात विमाही धरून, देऊ नका. केनियात येणाऱ्या मालाचा सागरी विमा २०१७ पासून तिथल्याच विमा कंपनीकडून उतरवावा लागतो, त्यामुळे तुम्ही विमा धरून भाव दिलात की नवखेपणा लगेच दिसतो. त्यापुढचा हिशोब ग्राहकाचा असला तरी तुम्हाला यायला हवा: सीमाशुल्क, आयात घोषणेची फी, रेल्वेची लेव्ही, १६ टक्के व्हॅट, क्लिअरिंग एजंट आणि मोंबासा ते नैरोबी जवळपास ४८० किलोमीटरची वाहतूक.

सीमाशुल्क पूर्व आफ्रिकी समुदायाच्या सामाईक दरपत्रकाप्रमाणे लागतं. कच्चा माल आणि यंत्रसामग्री साधारण शून्यात, अर्धवट तयार मालाला १० टक्के, तयार मालाला २५. जुलै २०२२ पासून ३५ टक्क्यांचा चौथा टप्पा आला आणि त्यात सिरॅमिक, रंग, फर्निचर अशा वस्तू गेल्या. म्हणून गुजरातेतल्या मोरबीच्या टाइल्स घेऊन ‘आम्ही स्वस्त देतो’ म्हणत जाणाऱ्यांची मला काळजी वाटते. नैरोबीपासून जवळच काजियाडोत चिनी भांडवलावर टाइल्स बनतात. तिथे स्वस्तात कोण जिंकणार हे सांगायला नको. यंत्र, साचे, अवजारं, खास फिटिंग्ज नेणाऱ्यांना मात्र जागा आहे. आपल्या वस्तूचा एचएस कोड, म्हणजे सीमाशुल्क ज्यावरून ठरतं तो मालाचा क्रमांक, ओळीनिशी तपासा, अंदाजाने नको.

दुसरा कागद केब्सचा. केब्स म्हणजे केनियाची मानक संस्था, आपल्या बीआयएससारखी. तिच्या नियमाखाली येणाऱ्या मालाची तपासणी निघण्याआधी इथे भारतातच व्हावी लागते, केब्सने नेमलेल्या कंपनीकडून, आणि तिचं अनुरूपता प्रमाणपत्र मालासोबत जावं लागतं. स्टॉलवर जाणकार माणूस तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला यावर येतोच. ‘होईल, करून देऊ’ हे उत्तर चालत नाही. कोणत्या कंपनीकडून तपासणी, किती खर्च, किती दिवस, हे सांगता आलं पाहिजे.

प्रवासाचं थोडक्यात. जानेवारी २०२४ पासून केनियाने व्हिसा बंद करून ई-टीए हा ऑनलाइन परवाना सुरू केला. तो सरकारी संकेतस्थळावरूनच काढा. हुबेहूब तसंच दिसणारी एजंटांची पानं जास्त पैसे घेतात. त्याहून महत्त्वाची पिवळ्या तापाची लस. केनियाहून परतताना आपलंच सरकार या लसीचं पिवळं कार्ड मागतं आणि ते लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं. कार्ड नसेल तर मुंबईत उतरल्यावर विलगीकरणात बसायची पाळी येऊ शकते. एकदा घेतलेली लस जन्मभर चालते, तेव्हा टाळाटाळ करू नका. मुंबई-नैरोबी थेट विमान साधारण सहा तासांचं, घड्याळ अडीच तास मागे. नैरोबी समुद्रसपाटीपासून सतराशे मीटरच्या वर आहे, जुलैत चांगली थंडी वाजते. आफ्रिका म्हणून नुसते सुती शर्ट भरणारे संध्याकाळी कुडकुडत बसतात.

पॅकिंग करताना प्लास्टिकच्या पिशव्या पूर्ण काढा. २८ ऑगस्ट २०१७ पासून तिथे त्यांवर बंदी आहे आणि ती कागदावरची नाही: ४० लाख शिलिंगपर्यंत दंड किंवा ४ वर्षांपर्यंत तुरुंग. ड्युटी फ्रीची पिशवीसुद्धा विमानतळावर ठेवावी लागते. नमुने कापडात किंवा कागदात गुंडाळा, माहितीपत्रकं कापडी पिशवीतून द्या. पुण्यात शिवून घेतलेल्या जाड कापडी पिशव्या आमच्या स्टॉलवर माहितीपत्रकांआधी संपतात.

यंत्र न्यायचं की नाही, यावर माझं मत ठाम आहे: अख्खं नेऊ नका. तात्पुरती आयात, त्यासाठीचा बाँड, परत आणायचा खर्च, हे सगळं एका छोट्या कारखान्याच्या जिवावर येतं. आम्ही साचे हातसामानाबरोबर नेतो, व्हायब्रेटिंग टेबलाचा व्हिडिओ मोठ्या पडद्यावर चालवतो आणि मोटर उघडून आतली गुंडाळी दाखवायला एक कापलेला तुकडा ठेवतो. लोक त्या तुकड्याभोवतीच गर्दी करतात. यंत्र चालवून दाखवायचंच असेल तर थ्री फेज वीज आयोजकांकडे आधी मागवा. ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झ, आपल्यासारखीच. सॉकेट मात्र ब्रिटिश पद्धतीचं, तीन चौकोनी पिनांचं, तेव्हा अॅडॉप्टर दोन जास्त घ्या. आयोजकांची शेल स्कीम घेतली की भिंती, नावाची पट्टी, टेबल-खुर्च्या, दिवे मिळतात. पहिल्या वेळी नऊ चौरस मीटर पुष्कळ झाले. कोपऱ्याचा स्टॉल मिळत असेल तर त्याचे जास्तीचे पैसे द्या, आणि खर्च तिथेच थांबवा. सजावटीवर पैसे घालवण्यापेक्षा तिथली भाषा बोलणारा एक माणूस तीन दिवस स्टॉलवर ठेवा.

आता येणाऱ्यांबद्दल. आपल्याकडे बिल्डर आणि आर्किटेक्टला धरलं की काम होतं. केनियात ब्रिटिश पद्धत आहे, तिथे क्वांटिटी सर्व्हेअर नावाचा माणूस असतो. सगळे त्याला क्यूएस म्हणतात. बिलातला प्रत्येक आकडा त्याच्या हातून जातो. तो शांतपणे येतो, फारसं बोलत नाही, कॅटलॉग घेऊन जातो. त्याला ओळखा आणि बसवा. ६० मिलिमीटर आणि ८० मिलिमीटर जाडीच्या काब्रोचा चौरस मीटरमागे खर्च तुमच्या साच्यात किती येतो, हे त्याला लिहून द्या. कंत्राटदार आला तर ‘एनसीए किती?’ विचारा. राष्ट्रीय बांधकाम प्राधिकरण कंत्राटदारांची एक ते आठ वर्गांत नोंदणी करतं, एक सगळ्यात मोठा. उत्तरावरून त्याला कोणतं यंत्र दाखवायचं ते ठरतं, आणि असा प्रश्न विचारणाऱ्याला तोही गंभीरपणे घेतो. परवडणाऱ्या घरांसाठी २०२४ च्या कायद्याने पगारातून दीड टक्का कापला जातो आणि मालकही तेवढाच भरतो. त्या पैशातून सुरू असलेल्या साइटवरची माणसं प्रदर्शनाला येतात. ती साच्यांचं गिऱ्हाईक.

फुंडींना हुसकावू नका. शनिवारी ते टोळीने येतात, साचा उलटापालटा करून बघतात, ‘हा किती ओतांनंतर फाटतो?’ असं रोखठोक विचारतात. विकत ते घेणार नाहीत, पण त्यांचा मालक कोणता साचा घेईल हे तेच सांगतात.

हार्डवेअरच्या घाऊक धंद्यात गुजराती मंडळी पुष्कळ, पिढ्यान्‌पिढ्या तिथलीच. २०१७ साली केनिया सरकारने आशियाई वंशाच्या नागरिकांना देशातली ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली. तेव्हा ‘आपलेच आहेत, सांभाळून घेतील’ या भरवशावर जाऊ नका. ‘केम छो’ला हसून उत्तर मिळेल आणि भाव मात्र राजकोटचा दाखवतील. जेवायला मात्र त्यांच्याच पार्कलँड्स भागात जा, डायमंड प्लाझात शाकाहारी माणसाची चांगली सोय होते.

प्रदर्शनाच्या हॉलमध्ये ऑर्डर फारशा मिळत नाहीत. परतीचं तिकीट प्रदर्शन संपल्यावर चार-पाच कामाचे दिवस सोडून काढा आणि ते दिवस एंटरप्राइज रोड, लुंगा लुंगा रोड, मोंबासा रोड इथे घालवा. एखाद्या काब्रोच्या यार्डात जाऊन तिथे वाळत घातलेले ब्लॉक बघितलेत, की कोणत्या साच्याला मागणी आहे हे तुम्हाला तिथल्या तिथे दिसतं. पत्ता विचारताना वेळ स्वाहिलीत सांगितली तर सहा तास मिळवा, कारण तिथला दिवस सूर्योदयापासून मोजतात. ‘सा तातू’ म्हणजे तीन, पण अर्थ सकाळचे नऊ. टॅक्सी, जेवण, छपाई, सगळीकडे एम-पेसा, म्हणजे मोबाइलवरून पैसे द्यायची सोय, चालतं, म्हणून विमानतळावरच सिम घेऊन ते सुरू करा.

पैशाबाबत कडक राहा. ३० टक्के आगाऊ, बाकी बिल ऑफ लेडिंगच्या (माल जहाजावर चढल्याच्या पावतीच्या) प्रतीवर, हे पहिल्या ऑर्डरला रास्त आहे. उधार द्यायचंच असेल तर ईसीजीसी या निर्यातीच्या उधारीचा विमा देणाऱ्या आपल्या सरकारी कंपनीचा विमा घ्या. ‘सरकारी टेंडर माझ्या हातात आहे, आधी पुरवठादार नोंदणीची फी भरा’ म्हणणारा भेटला तर चहा पाजा आणि वाटेला लावा. दक्षिण सुदानच्या जुबाहून किंवा युगांडाच्या कंपालाहून आलेला ग्राहक खरा असू शकतो, पण पैसे कोणत्या बँकेतून, कोणत्या चलनात येणार हे पहिल्याच भेटीत विचारा.

परतल्यावर आठवड्याच्या आत प्रत्येकाला व्हॉट्सअॅपवर त्याच्या प्रश्नाचं उत्तर पाठवा, सर्वांना एकच कॅटलॉग नको. आणि पहिल्या कंटेनरमध्ये बेअरिंग, बेल्ट, स्विच, एक जादा मोटर, असे वर्षभराचे सुटे भाग टाका. बिलावर त्यांची वेगळी ओळ असू द्या, नाहीतर सीमाशुल्कात अडकतात.