‘साधा व्हायरल आहे’ : सिकलसेलच्या घरात या चुका टाळा

रोवणी आटोपत आली की गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडे घरोघरी ताप फिरू लागतो. शेजारचं पोर दोन दिवस झोपून तिसऱ्या दिवशी शाळेत जातं. सिकलसेलचं, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकून लवकर मोडण्याचा आनुवंशिक आजार असलेलं पोर त्याच तापातून उठतं आणि पाचव्या-सहाव्या दिवशी पांढरंफटक पडतं. दवाखान्यात आई सांगते, ‘ताप तर उतरला होता हो.’ ती खरंच सांगत असते. मी या घरांमध्ये जाते, आणि हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की त्यावर लिहायलाच हवं.

आधी एक खुलासा. हे सगळं एसएस पॅटर्नच्या, म्हणजे सिकलसेलग्रस्त मुलामाणसांसाठी आहे. एएस वाहकांनी, म्हणजे आईबापांपैकी एकाकडूनच हा दोष आलेल्यांनी, यातलं काही मनाला लावून घेऊ नये. आणि रिपोर्ट फक्त सोल्युबिलिटी टेस्टचा असेल तर तो अर्धवट आहे. ती टेस्ट वाहक आणि रुग्ण यांत फरक करू शकत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही रक्ताची पक्की तपासणी करून घ्या.

ताप उतरला म्हणून निर्धास्त होणं

निरोगी माणसाची लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, सिकलसेलमध्ये ती १० ते २० दिवसांतच मोडते. हाडांतला मगज रात्रंदिवस नव्या पेशी बनवतो, म्हणून कसंबसं भागतं. हातावर पोट असलेल्या घरासारखं हे आहे, रोजी बुडाली की चूल बंद. पार्व्होव्हायरस बी१९ नावाचा विषाणू नेमकी ही रोजी बुडवतो. तो मगजातल्या, लाल पेशी होऊ घातलेल्या पेशींमध्येच शिरतो आणि आठवडा-दहा दिवस काम बंद पाडतो. इतर मुलांकडे १२० दिवसांची शिल्लक असते, त्यांना पत्ताही लागत नाही. फार तर गाल लाल होतात. सिकलसेलच्या मुलाचं ८ असलेलं एचबी (हिमोग्लोबिन) तेवढ्या दिवसांत ४ वर येऊ शकतं.

हा विषाणू १९७५ मध्ये लंडनला इव्हॉन कॉसार्ट यांना सापडला, तोही रक्तात हिपॅटायटिस बी शोधताना. बी पॅनेलमधला १९ क्रमांकाचा नमुना, म्हणून बी१९. त्यानं नेमकं काय बिघडतं ते मात्र कुणाला माहीत नव्हतं. १९८१ मध्ये लंडनमधल्या आणि जमैकातल्या सिकलसेलच्या मुलांमुळे ते कळलं. त्या लेकरांचं रक्त अचानक का आटतं, याचं उत्तर इथे होतं.

म्हणून ताप गेल्यावरही आठ-दहा दिवस ओठ, जीभ, तळहात बघत राहा. पोर नेहमीपेक्षा पांढरं दिसलं, चालताना धापा टाकू लागलं, तर त्याच दिवशी एचबी करा आणि सोबत रेटिक काउंट मागा. नव्या पेशी किती तयार होताहेत हे रेटिक सांगतं. सिकलसेलमध्ये ते एरवी चढलेलं असतं. बी१९ च्या या दुखण्यात मात्र ते १ टक्क्याच्याही खाली जातं. रेटिक भरपूर, पण एचबी पडलेलं आणि पोटात डाव्या बाजूला पाणथरी (प्लीहा) फुगलेली, तर दुखणं वेगळं आहे. रक्त पाणथरीत अडकलंय आणि हातात काही तासच आहेत. जमैकात आयांना पाणथरी हातानं चाचपायला शिकवलं आणि त्यामुळे मुलं वाचली. आपल्याकडची प्रत्येक आई हे शिकू शकते, नर्सताईंना हक्कानं विचारा.

रक्त चढवताना ‘एकदाचं भरपूर द्या, १२ करा’ असा आग्रह धरू नका. सिकलसेलमध्ये एचबी १० च्या वर नेलं की रक्त घट्ट होऊन वाहिन्या तुंबू शकतात.

घरात दुसरं एसएस भावंड असेल तर पुढचे दोन-तीन आठवडे त्याच्यावरही लक्ष ठेवा. हा विषाणू खोकल्यातून पसरतो आणि एकापाठोपाठ एक गाठतो. घरातल्या गरोदर बाईला या मुलापासून लांब ठेवा. पोटातल्या बाळाचंही रक्त असंच आटू शकतं.

‘व्हायरलला अँटिबायोटिक नको’

इतर मुलांच्या बाबतीत बरोबर. एसएस मुलाची पाणथरी लहानपणीच निकामी होत जाते आणि न्यूमोकॉकससारखे जंतू काही तासांत जीव घेतात. १०१ ताप म्हणजे त्याच दिवशी दवाखाना. जंतूंचा संसर्ग नाही हे डॉक्टरांनी ठरवावं, आपण नाही. अमेरिकेत १९८६ च्या अभ्यासात रोजच्या पेनिसिलिननं लहान मुलांमधला हा संसर्ग ८४ टक्क्यांनी घटला होता. पाच वर्षांपर्यंतची ही गोळी ‘बरा आहे ना आता’ म्हणून बंद करू नका. न्यूमोकॉकलची लस सरकारी लसीकरणात मोफत आहे, तिचा एकही डोस चुकवू नका.

पिवळे डोळे आणि काविळीची माळ

सिकलसेलच्या मुलाचे डोळे एरवीही पिवळसरच असतात, कारण मोडलेल्या पेशींतलं बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य रक्तात उतरतं. पाहुणा येतो, डोळे बघतो, कावीळ सांगून जातो. मग माळ घालतात, झाडून घेतात, आणि तेल-हळद बंद करून पोराला अर्धपोटी ठेवतात. पाणी कमी पडलं की अंगातल्या कळा सुरू होतात. यात पालकांना बोल लावू नये, डोळ्यांसमोर पिवळं दिसतंच ना.

पण उलटंही घडतं आणि ते जास्त घातक. ‘याचे डोळे नेहमीचेच पिवळे’ म्हणून खरी विषाणूची कावीळ अंगावर काढली जाते. पावसाळ्यातल्या खराब पाण्यातून हिपॅटायटिस ए आणि ई येतात. जेवण नकोसं होणं, उलट्या, गर्द लघवी आणि डोळे नेहमीपेक्षा जास्त पिवळे, असं दिसलं की एसजीपीटी ही यकृताची रक्ततपासणी करा. विषाणूच्या काविळीत ते शेकड्यांत, कधी हजारांत जातं. नुसत्या पेशी मोडण्यानं तसं होत नाही. पोटात उजवीकडे दुखत असेल तर पित्ताचे खडेही बघावे लागतात.

कळांची सुई आणि डेंग्यू

अंग दुखतंय म्हणजे सिकलसेलच्या कळा, असं धरून डायक्लोफेनॅकची सुई घेतली जाते. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये तापासोबतचं अंगदुखणं डेंग्यूचंही असू शकतं, आणि डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिननं डेंग्यूत रक्तस्रावाचा धोका वाढतो. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत पॅरासिटामॉलच द्या. त्यावर कळा थांबत नसतील तर घरी सोसत बसू नका, दवाखान्यात दुसरी औषधं आहेत.

डेंग्यूत डॉक्टर पीसीव्ही, म्हणजे रक्तात लाल पेशींचा वाटा किती टक्के आहे, ते वाढतंय का बघतात. ज्याचं नेहमीचं पीसीव्ही २४ आहे त्याचं ३२ झालं, तर रक्त घट्ट होतंय, पण लॅबच्या कागदावर ३२ म्हणजे ‘कमी’ छापून येतं. पांढऱ्या पेशींचंही तसंच. त्या एरवी चढलेल्या असतात, त्यामुळे डेंग्यूत घटल्या तरी नॉर्मल वाटतात.

बाकीचं थोडक्यात. ‘सिकलसेलवाल्याला मलेरिया होत नाही’ हे वाहकांपुरतं आणि तेही अर्धंच खरं आहे. एसएस रुग्णाला मलेरिया फार जड जातो, मच्छरदाणी सोडू नका. रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या स्वतःच्या मनानं सुरू करू नका, फॉलिक ॲसिड चालू ठेवा. हायड्रॉक्सीयुरिया ही सिकलसेलची रोजची गोळी दर तापात आपणहून बंद करू नका. मात्र रक्त अचानक घटलं तर ती चालू असल्याचं डॉक्टरांना आधी सांगा, ते काही दिवस थांबवू शकतात.

आणि पोर ठणठणीत असतानाचं एक पान लिहून ठेवा : एचबी, रेटिक, पीसीव्ही, पांढऱ्या पेशी, बिलिरुबिन, पाणथरी किती बोटं लागते, रक्तगट, चालू गोळ्या. त्याचा फोटो आई आणि बाबा दोघांच्याही मोबाइलमध्ये असू द्या. रात्री दोन वाजता ड्युटीवरच्या डॉक्टरांनी तुमचं पोर पहिल्यांदाच पाहिलेलं असतं.