जुनी सात सीटर गाडी घेताना तपासणी मागच्या रांगेपासून करा

जुनी गाडी बघायला गेलेला माणूस आधी बॉनेट उघडतो. ते नंतर उघडा. पाच सीटर सोडून तुम्ही ही मोठी गाडी घेताय ती तिसऱ्या रांगेसाठी, तेव्हा आधी तिथे जाऊन बसा.

घरातल्या सगळ्यात उंच माणसाला मागे बसवा आणि मधली सीट तुम्हाला लागते तेवढी मागे घ्या. सफारी, अल्काझार, एक्सयूव्ही७०० यांची मागची रांग मुलांना छान पुरते. मोठ्या माणसाचे गुडघे मात्र वर येतात. सहा-सात मोठी माणसं नेहमीच जाणार असतील तर एसयूव्हीचा हट्ट सोडा, सरळ इनोव्हा बघा. बजेट तेवढं नसेल तर एर्टिगा. रुबाब कमी, पण घरात कुरबुर होत नाही. मधे दोन सुट्या सीट असतील तर मागे जायची वाट सोपी होते, एक जागा मात्र जाते. तिन्ही रांगा उघड्या ठेवून डिकीत तुमची नेहमीची बॅग मावते का, तेही तिथल्या तिथे बघा. गणपतीला सगळं कुटुंब घेऊन कोकणात जाणार असाल तर बहुधा वर कॅरिअर लागणारच.

आता मागची रांग दुमडा आणि कार्पेट उचला. मागचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. एरवी आत गुंडाळलेल्या भागावर मातकट रेघ दिसली, तर गाडी पाण्यात उभी होती असं समजा. सीटच्या रुळांवरचा गंज, वायरिंगच्या जोडांवरची हिरवट-पांढरी बुरशी आणि स्टेपनीच्या खाचेतला गाळही बघा. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ मध्ये चिपळूण-महाडला पाणी कुठवर चढलं होतं ते आपण पाहिलंय. तसल्या पाण्यातून निघालेली गाडी धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यात विकायला वेळ लागत नाही. परफ्यूमचा वास जरा जास्तच येत असेल तर काचा बंद करून पाच मिनिटं आत बसा.

मग इंजिन. मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा, ‘मी येईपर्यंत गाडी चालू करू नका.’ थंड इंजिन पहिल्या सेल्फला लागतं का, धूर कसला येतो, ते तेव्हाच कळतं. ट्रायल एकट्याने घेऊ नका. घरची माणसं भरा आणि जवळचा घाट चढवा. भरलेल्या गाडीत क्लच सरकत असेल, गिअर अडत असेल तर लपत नाही, आणि मागच्या रांगेपर्यंत एसी पोचतो का तेही कळतं. एप्रिल २०२० नंतरची डिझेल बीएस६ गाडी फक्त गावात थांबत-थांबत चालली असेल तर सायलेन्सरमधला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, तुंबलेला असू शकतो. ओळखीच्या मेकॅनिककडून स्कॅनर लावून घ्या.

‘सिंगल हँड, डॉक्टरांची गाडी’ हे ऐकून घ्या आणि सर्व्हिस रेकॉर्ड मागा. मीटर मागे केलेला असेल तर तिथे पकडला जातो. टायरवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. पाच वर्षांच्या गाडीचं मीटर तीस हजार दाखवतंय आणि चारही टायर नवे कोरे, तर जुने का काढले ते विचारा. सात सीटर गाड्यांत आणखी एक गोम असते. काही गाड्या टॅक्सीच्या टी परमिटवर पिवळ्या पाटीने भरपूर पळून मग प्रायव्हेट केलेल्या असतात. पांढरी पाटी बघून हुरळू नका, नोंदणीचा पूर्वीचा इतिहास मागा.

कागद बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की कितवा मालक, विम्याची मुदत आणि बँकेचा बोजा दिसतो. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हवा. चेसिस नंबर आरसीशी स्वतः ताडून बघा. थकलेली ई-चलनं विकणाऱ्याने भरायची. ‘दिल्ली पासिंग’ डिझेल गाडी स्वस्त मिळते, कारण तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंधनं आली. पण तिला तिथल्या आरटीओची एनओसी लागते आणि इथला टॅक्स भरावा लागतो. तो हिशोब मांडला की बहुतेक वेळा स्वस्ताई उरत नाही.

सौदा ठरला की मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, विमाही तेवढ्याच मुदतीत नावावर करायला टाका. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जुन्या मालकाकडेच राहतो, तेव्हा हप्त्यात तो फरक धरा. गाडी ताब्यात घेताना तारीख आणि वेळ लिहून दोघांनी सही करा. निघण्याआधी काचेवरचा जुना फास्टॅग मालकाला बंद करायला लावा आणि आपला नवीन घ्या, नाहीतर तुमच्या टोलचे पैसे त्यांच्या खात्यातून जातील आणि फोन तुम्हाला येतील.