इंटिरिअर डिझायनरकडे घर सोपवताय? या चुका टाळा

फ्लॅटचं काम चालू असताना मालक आणि डिझायनर यांच्यात वाजतं, तेव्हा वादाचा विषय क्वचितच रंग असतो. सोफ्याचं कापड, हँडल सोनेरी की काळं, यावरून थोडं रुसणं-फुगणं होतं आणि मिटतं. खरं वाजतं ते "हे त्यात धरलं नव्हतं" यावरून. गंमत म्हणजे डिझायनर हे म्हणतो तेव्हा तो बहुतेक वेळा खोटं बोलत नसतो. काय धरलं होतं, तेच कुठे लिहिलेलं नसतं. भाजीच्या जुडीसाठी घासाघीस करणारी माणसं इथे काही लाखांच्या दोन पानी कोटेशनवर चहा संपायच्या आत सही करतात.

कोटेशनचा शेवटचा आकडा तेवढा बघणं

तीन डिझायनरांकडून कोटेशन घ्यायची आणि सर्वांत कमी आकडा निवडायचा, ही पद्धत वरवर शहाणपणाची वाटते. पण तिघांनी एकच गोष्ट मोजलेली असते का?

वॉर्डरोब घ्या. त्याचा भाव साधारणपणे समोरच्या दर्शनी भागाच्या चौरस फुटावर लावतात. सात फूट रुंद, सात फूट उंच म्हणजे ४९ चौरस फूट. समजा भाव १५०० रुपये, तर ७३,५०० रुपये झाले. आता वरचा लॉफ्ट यात आला की नाही? लॉफ्ट दोन फूट उंच असला तर आणखी १४ चौरस फूट, म्हणजे त्याच भावाने २१,००० रुपये. एकाने तो धरलाय, दुसऱ्याने "लॉफ्ट एक्स्ट्रा" असं खाली बारीक अक्षरात लिहिलंय, तिसऱ्याने काहीच लिहिलेलं नाही. स्वस्त कोण, ते आता सांगा.

स्वयंपाकघरात रनिंग फुटाचा, म्हणजे नुसत्या लांबीचा हिशेब असतो. एल आकाराचा ओटा, एक भिंत दहा फूट, दुसरी आठ. बेरीज अठरा. पण ओटा दोन फूट खोल असतो, म्हणजे कोपऱ्यातले दोन फूट दोन्ही भिंतींत मोजले गेले. प्रत्यक्षात काम सोळा फुटांचं आहे. कोपरा दोनदा मोजण्याची रीत काही ठिकाणी आहे आणि ती लबाडीच असते असं नाही, कारण कोपऱ्याचं कपाट करायला जास्त खटाटोप लागतो. पण ते आधी सांगायला हवं. फॉल्स सीलिंगचंही तसंच. सपाट भाग मोजला, पण लाइट लपवायला जी उभी पट्टी खाली उतरते तिचा हिशेब वेगळा लागतो, आणि बिल आलं की क्षेत्रफळ खोलीपेक्षा मोठं निघतं.

मग येतो "चांगल्या प्रतीचं प्लायवूड" हा शब्दप्रयोग. याला काही अर्थ नाही. आयएस म्हणजे भारतीय मानक. आयएस ३०३ हे घरगुती फर्निचरच्या नेहमीच्या प्लायवूडचं मानक. त्यातच ओल कमी सोसणारं एमआर, ज्याला बाजारात कमर्शियल म्हणतात, आणि ओल जास्त सोसणारं बीडब्ल्यूआर असे दोन प्रकार येतात. आयएस ७१० म्हणजे मरीन, पाण्यात टिकणारं. सगळ्या घराला सेव्हन टेन लावायचा आग्रह धरणं हा पैशांचा अपव्यय आहे. ते सिंकखाली, वॉशबेसिनखाली आणि जिथे पाणी सांडणार तिथे लावा. बेडरूमच्या कपाटाला त्याची गरज नाही. मात्र कुठे कुठलं, किती मिलिमीटर जाडीचं आणि कुठल्या ब्रँडचं, हे कोटेशनमध्ये ओळीओळीने हवं. "किंवा तत्सम" हे दोन शब्द दिसले तर पेन उचला आणि खोडा. बिजागऱ्या, चॅनेल, सॉफ्ट क्लोज यांचंही मॉडेलसकट नाव लिहून घ्या, कारण एकाच कंपनीच्या दोन बिजागऱ्यांच्या किमतीत बरंच अंतर असतं.

माल साइटवर आला की प्रत्येक शीटवरचा आयएसआयचा शिक्का आणि खालचा सीएम/एल, म्हणजे परवान्याचा क्रमांक यांचा फोटो काढून ठेवा. हा क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अॅपवर टाकला की परवाना कुणाचा आणि चालू आहे का ते कळतं. हे सनमायका चढायच्या आधी करायचं. नंतर आत काय आहे ते फक्त सुताराला माहीत असतं.

आणि हो, सर्वांत खाली "जीएसटी वेगळा" लिहिलंय का ते बघा. १८ टक्के म्हणजे आठ लाखांच्या कामावर एक लाख ४४ हजार. पडदे, पंखे, चिमणी, गिझर, दिवे, जुनं फर्निचर फोडून राडारोडा खाली नेण्याचा खर्च, यांपैकी काय आत आणि काय बाहेर, हेही विचारा. यानंतरही दहा-पंधरा टक्के रक्कम बाजूला ठेवा. ती लागतेच.

इन्स्टाग्राम बघून माणूस नेमणं

'आर्किटेक्ट' म्हणवून घ्यायला १९७२ च्या कायद्यानुसार कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी लागते. 'इंटिरिअर डिझायनर' म्हणवून घ्यायला अशी कुठलीच नोंदणी सक्तीची नाही. उत्तम शिकलेले, हातात कसब असलेले डिझायनर भरपूर आहेत. पण काल फर्निचरच्या दुकानात सेल्समन असलेला माणूसही आज ती पाटी लावू शकतो. म्हणून कामच बघावं लागतं, आणि तेही जुनं. परवा संपलेलं घर सगळ्यांचंच छान दिसतं. दोन-तीन पावसाळे काढलेलं घर दाखवा म्हणा. तिथे हॉल बघू नका, सरळ सिंकखालचं दार उघडा, ट्रॉली बाहेर ओढा, बाथरूमच्या दाराची चौकट खालून फुगली आहे का बघा. त्या घरच्यांना एकच प्रश्न विचारा: शेवटचा हप्ता दिल्यानंतर फोन उचलत होते का?

फी कशी घेतात ते न विचारणं

तीन पद्धती सर्रास दिसतात. कार्पेट एरियाच्या चौरस फुटावर डिझाइनची फी, एकूण खर्चावर टक्केवारी, किंवा सगळं मिळून एकच ठोक रक्कम. टक्केवारीत डिझायनरला खर्च कमी करण्यात रस नसतो. ठोक रकमेत मालाची प्रत उतरवण्याचा मोह असतो. नुसत्या डिझाइन फीत माणूस तटस्थ राहू शकतो, पण मग सुतार, वायरमन, पीओपीवाला यांची मोट तुम्हालाच बांधावी लागते. कुठलीच पद्धत वाईट नाही, फक्त आपण कुठली घेतोय ते कळायला हवं.

टाइल्सच्या आणि लॅमिनेटच्या दुकानांतून डिझायनरला कमिशन मिळतं, हे उघड गुपित आहे. ते विचारायला लाजू नका. "तुम्हाला तिथून काही मिळत असेल तर ते फीत धरलंय का?" असं पहिल्याच भेटीत विचारलं तर प्रामाणिक माणूस सरळ उत्तर देतो. बजेटही लपवू नका. "तुम्हीच सांगा किती होईल" म्हणून आकडा गिळून बसलात, तर तो पंधरा लाखांचं घर काढून आणतो आणि मग सात लाखांत बसवण्यासाठी त्यातल्या चांगल्या गोष्टी एकेक करून गळतात.

थ्रीडी चित्राला भुलणं

थ्रीडी चित्रातल्या खोल्या वाइड अँगलने काढलेल्या असतात, त्यामुळे दहा बाय दहाची बेडरूमसुद्धा प्रशस्त दिसते. गणित वेगळं सांगतं. खोली दहा फूट, पलंग साडेसहा फूट लांब, त्याच्या पायथ्याशी दोन फूट खोल वॉर्डरोब. मध्ये उरला दीड फूट. तिथे कपाटाचं दार पूर्ण उघडून माणूस उभा राहणार कसा? वर्तमानपत्रं पसरून पलंग आणि कपाट जमिनीवर मांडा आणि त्यातून चालून बघा. डिझायनरकडून मापं टाकलेली साधी ड्रॉइंग्ज आणि वायरिंगचा आराखडा मागा. सुतार त्यावर काम करतो, चित्रावर नाही.

त्या चित्रात आपलं घरही नसतं. तिथे कुणी पोळ्या लाटत नाही. ओट्याची उंची सहसा ३४ इंचांच्या आसपास ठेवतात; घरात रोज उभं राहणारी व्यक्ती पाच फुटांची असेल तर तिला उभं करून मोजा, कोपराच्या साधारण चार इंच खाली ओटा हवा. हळदीच्या हातांना पांढरं चकचकीत अॅक्रिलिक मानवत नाही. वर्षाचं धान्य आणि मसाला भरणारं घर असेल तर डबे कुठे, लोणच्याच्या उंच बरण्या कुठल्या कप्प्यात, कामवाल्या मावशी भांडी सिंकमध्ये घासणार की ड्राय बाल्कनीत, चार महिने पावसात कपडे कुठे वाळणार, हे डिझायनरला तुम्हीच सांगायचं. देव्हारा भिंतीतल्या बंद कप्प्यात सुंदर दिसतो, पण समईची धग आणि उदबत्तीचा धूर वरच्या लॅमिनेटला सहन होत नाही. वर जागा मोकळी हवी आणि खाली दगड. गणपती दीड दिवसाचा असो की दहा, तो कुठे बसणार आणि आरतीला वीस माणसं कुठे उभी राहणार, हे टीव्ही युनिट ठरवायच्या आधी बोला.

भिंत फोडण्याची घाई

हॉल आणि स्वयंपाकघर एक करायची सध्या हौस आहे. फोडणीच्या घरात ती कितपत झेपते हा वेगळा विषय. मुद्दा असा की मुंबई-पुण्यातले अनेक नवे टॉवर मायवान पद्धतीचे आहेत, म्हणजे अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती, आत सळ्या. त्या भिंती इमारतीचा भार उचलतात. डिझायनरने कितीही सहज म्हटलं तरी स्ट्रक्चरल इंजिनीअरच्या लेखी सल्ल्याशिवाय आणि सोसायटी व महापालिकेची परवानगी तपासल्याशिवाय तिथे हातोडा चालवायचा नाही.

घर नवं असेल तर आणखी एक. रेरा कायद्यानुसार ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवून दिला तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनाशुल्क दुरुस्त करायचा असतो. तुम्ही बाथरूमच्या टाइल्स उखडल्यात आणि नंतर खालच्या घरात गळायला लागलं, तर बिल्डर बोट कुणाकडे दाखवेल? आधी जे आहे त्याचे तारखेसह फोटो काढा, गळती-ओल बिल्डरकडून निस्तरून घ्या, मग काम सुरू करा. उन्हाळ्यात ताबा मिळाला असेल आणि भाड्याचं गणित जमत असेल, तर पश्चिमेच्या भिंतीवर पॅनेलिंग किंवा कपाट करण्याआधी एक पावसाळा जाऊ द्या. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग नव्याने केलंत तर टाइल्स बसवण्याआधी किमान २४ तास पाणी भरून ठेवा आणि खालच्या शेजाऱ्यांचं छत स्वतः जाऊन बघा.

वास्तुशांतीची तारीख आधी काढणं

"४५ दिवसांत देतो" म्हणजे कामाचे ४५ दिवस. सोसायटीत रविवारी ठोकाठोकी बंद, दुपारी विश्रांतीची वेळ, संध्याकाळी सहानंतर मनाई. म्हणजे आठ आठवडे तिथेच गेले. राजस्थान-उत्तर प्रदेशातले कारागीर होळीला आणि दिवाळी-छठला गावी जातात, ते काही तुमच्या मुहूर्तासाठी थांबत नाहीत. दसऱ्याला राहायला जायचं असेल तर काम गणपतीत सुरू करू नका.

डिझायनरला वळसा घालून सुताराशी ठरवणं

साइटवर गेलात, कप्पा दोन इंच वर बरा वाटला, सुताराला सांगितलं, तो "हो साहेब" म्हणाला. आता मायक्रोवेव्ह बसत नाही आणि जबाबदारी कुणाचीच नाही. बदल करायचा तर डिझायनरला लिहून कळवा, त्याचा वाढीव खर्च आणि वाढणारे दिवस लेखी मागा, मगच हो म्हणा. घरातून बोलणारा माणूसही एकच ठेवा. काका एक सांगतात, सासूबाई दुसरं, आणि डिझायनर आपल्या सोयीचं ते ऐकतो.

पैसे कामाच्या पुढे पळू देणं

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. हप्ते तारखांना बांधू नका, कामाला बांधा: डिझाइन पक्कं झाल्यावर, प्लायवूड साइटवर आल्यावर, सांगाडे उभे राहिल्यावर, लॅमिनेट लागल्यावर. शेवटचे पाच ते दहा टक्के राहिलेल्या बारीकसारीक कामांची यादी पुरी होईपर्यंत हातात ठेवा. साठ टक्के काम आणि नव्वद टक्के पैसे अशी स्थिती आली, की डिझायनरचं लक्ष पुढच्या घराकडे गेलंच म्हणून समजा.

शेवटचा हप्ता देताना भिंतीत पुरलेल्या वायरी आणि पाइप यांचे प्लास्टरआधीचे फोटो, वायरिंगचा अंतिम आराखडा आणि सगळी बिलं मागून घ्या. बिलं तुमच्या नावाची हवीत. ती कंत्राटदाराच्या नावाची असली, तर पाच वर्षांनी वाळवी लागल्यावर प्लायवूड कंपनीच्या वॉरंटीसाठी आधी त्या कंत्राटदाराला शोधत फिरावं लागतं.

काम अडकलंच तर

फोनवर आवाज चढवून काही होत नाही. साइटवर जाऊन काय झालं, काय राहिलं, किती पैसे गेले, याचा फोटोंसह तक्ता करा. तो ईमेलने पाठवा आणि ठरावीक दिवसांची मुदत द्या. तोपर्यंत पुढचा हप्ता थांबवा, पण साइटवरचा माल हलू देऊ नका. सुरक्षारक्षकाकडे गेट पासशिवाय सामान बाहेर सोडू नका असं सोसायटीमार्फत लेखी कळवा. दुसरा कंत्राटदार आणण्याआधी झालेल्या कामाची मोजणी त्रयस्थाकडून करून घ्या, नाहीतर नंतर कुणी काय केलं ते ठरवताच येत नाही. अर्ध्यावरचं काम हाती घेणारा नवा माणूस आधीच्याला नावं ठेवणार आणि भाव चढा लावणार, हेही धरून चाला.

त्यानेही हललं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. वकील लावणंही बंधनकारक नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे, आणि ती तक्रारीचं कारण घडल्यापासून मोजतात, "येतो, करून देतो" असं सांगणं थांबल्यापासून नाही.