पितळी गार्डला लाकडी मूठ बसवण्याआधी

सुरीचा गार्ड (पातं आणि मूठ यांच्यामधला धातूचा आडवा तुकडा) आणि मूठ यांच्यामध्ये काळी रेघ दिसायला नको असेल, तर अराल्डाइटच्या, म्हणजे दोन भाग मिसळून लावायच्या गोंदाच्या, नळ्या अगदी शेवटपर्यंत कपाटातच राहू द्या. चिकटवल्याने फट जात नाही, कायमची होते. इथली तयारी आत शेपटी जाणाऱ्या सुरीची आहे: पात्याची निमुळती शेपटी, तिच्यावर सरकवलेला पितळेचा गार्ड आणि मागून बसणारी अखंड लाकडी मूठ. दोन्ही बाजूंनी फळ्या लावून रिव्हेट मारलेल्या सुरीचं गणित वेगळं.

पहिलं काम म्हणजे पात्याला जाड पुठ्ठा गुंडाळून वर चिकटपट्टी मारायची. पुढे सुरी सतत हातात फिरणार आहे आणि लक्ष मात्र मुठीच्या टोकाकडे असणार आहे.

लाकूड शिसवाचं असो, सागाचं असो की बाभळीचं, ते वाळलेलं हवं. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. ठोकळा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा, वजन त्याच्यावरच पेन्सिलीने लिहा आणि आठवड्याने पुन्हा तोला. वजन उतरायचं थांबलं की लाकूड तयार. पावसाळ्यात कोकणात काम करत असाल तर इथे घाई अजिबात नको. लाकूड लांबीत जवळजवळ आटत नाही, आटतं ते रुंदीत. म्हणून ओल्या ठोकळ्याने फट पडत नाही, वेगळाच त्रास होतो: जुलैत गार्डच्या कडेशी एकसारखी घासलेली तीस मिलिमीटर रुंद मूठ एप्रिलपर्यंत अर्धा मिलिमीटर सहज आत जाते आणि पितळेची धार बोटाला लागायला लागते.

ठोकळ्याला आत्ताच आकार देऊ नका. गार्डपेक्षा चारही बाजूंनी तीन-चार मिलिमीटर मोठा आणि चौकोनी राहू द्या. चौकोनी ठोकळ्यावर गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लागतो, गोल मुठीवर लागत नाही.

आता दोन तोंडं सपाट करायची, आणि गार्डचं मागचं तोंड आधी. जाड काच किंवा ओट्याचा उरलेला ग्रॅनाइटचा तुकडा घ्या, त्यावर पॉलिश पेपर चिकटवा आणि गार्ड शेपटीवर बसवण्याआधीच त्यावर घासून घ्या. या तोंडाला बफिंग, म्हणजे फिरत्या कापडी चाकावर चमकवणं, करायचं नाही. बफ कडा गोल करतो, आणि कडा गोल झाली की आतली बैठक कितीही चांगली असली तरी बाहेरून रेघ दिसणारच. चमकवायचा तो पुढचा भाग चमकवा. मग मुठीचं तोंड त्याच काचेवर घासा, ठोकळा न डुलवता आणि मधूनमधून फिरवून. शेवटी गुण्या लावून चारही बाजूंनी बघा.

शेपटीचं भोक जरा सैल ठेवा आणि शेपटीच्या लांबीपेक्षा तीन-चार मिलिमीटर खोल घ्या. घट्ट भोक म्हणजे चांगलं काम, अशी बऱ्याच जणांची समजूत असते. इथे ते उलट आहे. मूठ गार्डवर टेकली पाहिजे, शेपटीवर अडकता कामा नये. उरलेली पोकळी अराल्डाइट भरून काढतं.

सगळ्यात जास्त वेळ लागतो तो रंग लावून बघायला. गार्डच्या मागच्या तोंडावर काजळाचा अगदी पातळ हात द्या, मूठ सरळ सरकवा, मागून हाताने एकदा ठोका आणि काढून बघा. लाकडावर जिथे काळं उमटलं तिथेच ते टेकतंय. डाग एकाच बाजूला असेल तर तोंड तिरकं आहे, पुन्हा काचेवर जा. डाग फक्त भोकाभोवती असेल तर तोंडाला हातही लावू नका. शेपटी गार्डमधून बाहेर पडते त्या कोपऱ्यात डाखाचा किंवा घट्ट झालेल्या गोंदाचा थर असतो, नाहीतर शेपटीच तिथे किंचित जाड असते, आणि मूठ त्यावर चढून थांबते. माझ्या अनुभवात बहुतेक फटींचं मूळ हेच, आणि लोक मात्र लाकूड घासत बसतात. भोकाची कड पटाशीने तिरकी उडवा. मग भोकाभोवतीचा मधला भाग कागदाच्या जाडीइतका खोल करा, म्हणजे फक्त बाहेरची कड टेकेल. ही कड चार-पाच मिलिमीटर रुंद ठेवा, पण मोजायची ती मुठीच्या शेवटच्या आकारापासून आत, ठोकळ्याच्या काठापासून नाही. नाहीतर मूठ घासून आकारात आणताना तीच निघून जाईल. गार्डवर लावलेलं काजळ सगळीकडून सारखं उमटायला लागलं की खिडकीसमोर धरून बघा. गॅरेजवाल्याकडच्या फीलर गेजची (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचा संच) ०.०५ मिलिमीटरची पट्टी कुठूनच आत जात नसेल, तर बैठक झाली.

तरीही धाकधूक वाटत असेल तर मध्ये दीड मिलिमीटर चामड्याची चकती घाला. कोल्हापुरी चपला करणाऱ्याकडे कातरण मिळतं. चामडं दबतं, म्हणून बारीक चुका पोटात घालतं. पितळेला लागून मात्र ते हिरवं होतं, म्हणून त्या बाजूला अराल्डाइटचा पूर्ण थर हवा. लाकडाचा भुसा आणि गोंद कालवून फट भरायचा विचार सोडा, तो पॅच कायम दिसतो.

आता कोरडी तालीम. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून गार्डच्या दोन्ही कानांवरून (बाजूंना बाहेर आलेल्या टोकांवरून) मुठीच्या मागच्या टोकाला ताणून बांधा. ओढ सरळ लागते का आणि ताण आल्यावर मूठ एका बाजूला वळते का, ते बघा. शेपटीच्या बाजूला कानशीने एक उभी खाच पाडून ठेवा. भोकात अडकलेली हवा आणि जास्तीचा गोंद तिथून बाहेर निघाला नाही, तर तोच मूठ मागे ढकलतो.

शेवटी टेबलावर सावकाश घट्ट होणारं अराल्डाइट (पाच मिनिटांचं नको), कान साफ करायच्या काड्या, स्पिरिट आणि ट्यूबच्या पट्ट्या हव्यात. साग आणि शिसव तेलकट असतात, म्हणून त्यांचं तोंड आधी ॲसिटोनने पुसा. थंडीत नळ्या कोमट पाण्यात ठेवा. गार्डच्या पुढच्या बाजूला मेण चोळा, म्हणजे बाहेर आलेला गोंद तिथे धरणार नाही. तो ओला असतानाच स्पिरिटने पुसायचा. मग सुरी चोवीस तास कुणाचा हात लागणार नाही अशा जागी ठेवा. मुठीला आकार द्यायची कानस दुसऱ्या दिवशी.