मेल फॉरवर्ड लावताय? मग या चुका टाळा, नाहीतर तुमचाच इनबॉक्स रिकामा

आमच्या काकांची लातूरच्या मोंढ्यात आडत आहे. बिलं, बँकेचे स्टेटमेंट, तेल मिलवाल्यांचे सौदे, सगळं एकाच जीमेलवर. संभाजीनगरच्या सीएंना दर महिन्याला कागद लागतात म्हणून दुकानातल्याच एका पोरानं मेल फॉरवर्ड लावून दिलं, म्हणजे आलेला मेल आपोआप सीएंकडं जाईल असं, आणि दोन महिन्यांनी काकांचा फोन, "आरं, माझ्या मेलमधी काहीच येईना की, नेटचा काही घोळ हाय का बघ."

नेटचा काही घोळ नव्हता. जीमेलच्या सेटिंगमधल्या फॉरवर्डिंगच्या पानावर दोन गोष्टी ठरवायच्या असतात, मेल कुठं पाठवायचा आणि मूळ मेलचं काय करायचं, आणि दुसऱ्या खाचेत लोक लक्षच देत नाहीत. पोरानं तिथं 'डिलीट जीमेल्स कॉपी' निवडलेलं, कामून तर 15 जीबी जागा भरत आली होती म्हणे! डिलीट झालेला मेल ट्रॅशमधे 30 दिवस राहतो, त्यामुळं एक महिन्याचं सापडलं, त्याआधीचं सगळं सीएंकडून उलटं मागवावं लागलं. तिथं 'कीप जीमेल्स कॉपी इन द इनबॉक्स' हेच ठेवा. जागा कमी पडत असेल तर ड्राइव्ह आणि फोटो बघा, 15 जीबी तिघांत मिळून असते, आणि बहुतेक वेळा खरी जागा फोटोच खातात.

सेटिंग मोबाईलच्या ॲपमधे शोधत बसू नका, कॉम्प्युटरवरूनच होतं. पत्ता टाकला की समोरच्याला कन्फर्मेशनचा मेल जातो, त्यानं लिंक दाबल्यावर लोकांना वाटतं झालं, पण नाही, परत त्याच पानावर येऊन 'फॉरवर्ड अ कॉपी' निवडायचं आणि खाली जाऊन 'सेव्ह चेंजेस' दाबायचं, ते राहिलं की काहीच चालू होत नाही.

टेस्टिंगमधे तर मीच फसलो. ज्या जीमेलवर मेल जाणार होता त्यावरूनच काकांना टेस्ट मेल टाकला आणि अर्धा तास बसलो वाट बघत, इनबॉक्समधे काही दिसेना. आपणच पाठवलेला मेल फिरून आपल्याकडं आला की जीमेल तो इनबॉक्समधे नव्यानं दाखवत नाही. तिसऱ्याच खात्यावरून टाका, लगेच कळतं. आणि स्पॅममधे गेलेला मेल फॉरवर्ड होत नाही, जुने मेलपण जात नाहीत, फक्त नवीन येणारे जातात.

सगळेच मेल सीएंना कशाला पण? बँकेचे ओटीपी पण जातात मग. फिल्टर, म्हणजे मेल निवडायचा नियम, लावून फक्त बिलं ज्या पत्त्यांवरून येतात तेवढेच पाठवा.

आउटलुक डॉट कॉमवर असाल तर 'कीप अ कॉपी ऑफ फॉरवर्डेड मेसेजेस'चा चौकोन टिक करा. कॉलेजात वगैरे मेलसाठी लिनक्सचा सर्व्हर असेल तर डॉट-फॉरवर्ड (.forward) फाईलमधे, म्हणजे मेल कुठं पाठवायचा ते लिहायच्या फाईलमधे, नुसता बाहेरचा पत्ता लिहिला की सर्व्हरवरची आपली कॉपी बंद पडते, त्यामुळं आधी बॅकस्लॅश लावून आपलं युजरनेम, मग स्वल्पविराम, मग बाहेरचा पत्ता. आणि तिकडून परत इकडं फॉरवर्ड लावू नका बरं का, मेल दोन खात्यांत नुसता गरागरा फिरू शकतो.

काकांच्या खात्यात आता दोन्हीकडं कॉपी राहते. ट्रॅश मात्र ते अजूनही रोज उघडून बघतात.