पीयूसीत नापास झालेली जुनी पेट्रोल मोटार: दुरुस्ती कोठून सुरू करावी

जुनी मोटार पीयूसीत नापास झाली की बहुतेक मालक मेकॅनिकला थेट कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवायला सांगतात; माझ्या मते तो सर्वांत शेवटचा उपाय आहे. आधी चाचणीचे दोन आकडे नीट वाचावेत. भारत स्टेज २ (गाड्यांच्या धुरासाठीच्या सरकारी मानकांचा टप्पा) पूर्वीच्या पेट्रोल मोटारींना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के व हायड्रोकार्बनची १५०० पीपीएम (दहा लाखांत १५०० भाग) आहे, तर स्टेज २ व ३ च्या मोटारींना ०.५ टक्के व ७५० पीपीएम. पहिला आकडा चढलेला असेल, तर हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जात आहे. केवळ दुसरा चढलेला असेल, तर पेट्रोल न जळताच बाहेर पडत आहे, म्हणजे ठिणगी चुकते आहे, मिश्रण फार पातळ झाले आहे (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) किंवा कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गळते आहे.

पहिला संशय एअर फिल्टरवर घ्यावा, कारण नाशिकमध्ये सातपूर-अंबडच्या धुळीत रोज फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर ठरलेल्या मुदतीआधीच भरतो. नंतर इंजिन पूर्ण थंड झाल्यावर प्लग काढून उजेडात पाहावेत. टोकावर फिकट तपकिरी थर असेल तर ज्वलन ठीक आहे. बोटाला लागणारी कोरडी काजळी जास्त पेट्रोल दाखवते, आणि काळा, ओला, तेलकट थर रिंग किंवा व्हॉल्व्ह सील झिजल्याचे सांगतो. सायलेन्सरमधून निळसर धूरही येत असेल, तर ट्यूनिंगवर पैसे घालवू नयेत, कारण ते काम इंजिन उघडल्याशिवाय होत नाही.

प्लग, वायरी आणि फिल्टर बदलूनही पहिला आकडा उतरला नाही, तर चोक (थंड इंजिन सुरू करताना हवा अडवणारी झडप) पूर्ण उघडतो का ते पाहावे, आणि मगच कार्ब्युरेटरच्या मिक्श्चर स्क्रूला हात लावावा. तो गरम इंजिनावर, गॅस ॲनालायझर जोडून, एका वेळी पाव फेराच फिरवावा व मूळ जागा मोजून लिहून ठेवावी. इंजेक्शनच्या गाडीत धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर तपासावा. त्याच्या आधी सायलेन्सरच्या पाइपला चीर असेल, तर बाहेरची हवा शिरून सेन्सर फसतो आणि गाडी उगाच जास्त पेट्रोल घेते. इंजिन चालू ठेवून करायची ही कामे बंद गॅरेजमध्ये कधीही करू नयेत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) तापल्याशिवाय काम करत नाही, म्हणून फेरचाचणीपूर्वी मुंबई नाक्यावरून विल्होळीपर्यंत जाऊन यावे आणि इंजिन बंद न करता थेट केंद्रावर जावे.