जुन्या गाडीचं ऑइल निवडताना फॉस्फरसचा आकडा बघा

जुन्या गाडीत आजचं महागडं ऑइल भरूनही कॅमशाफ्ट (इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा) आणि टॅपेट (त्या दांड्याने दाबला जाणारा भाग) झिजू शकतात. १९८० च्या आधीच्या बऱ्याच इंजिनांत कॅम, म्हणजे त्या दांड्यावरचा उंचवटा, सपाट टॅपेटवर घासत फिरतो. तिथली झीज रोखणारं झिंक-फॉस्फरसचं रसायन नव्या ऑइलमध्ये बऱ्याचदा कमी असतं.

१. मॅन्युअलमध्ये ऑइलचा ग्रेड, म्हणजे घट्टपणा, बघा. २०डब्ल्यू-५० लिहिलं असेल तर तेच घ्या.

२. कंपनीच्या वेबसाइटवर त्या ऑइलची डेटा शीट (माहितीपत्रक) उघडून फॉस्फरस किती आहे ते शोधा. खरी निवड इथेच होते. पेट्रोल गाड्यांच्या ५डब्ल्यू-३० सारख्या आजच्या पातळ ऑइलमध्ये तो साधारण ८०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ८०० भाग) आत असतो. सपाट टॅपेटला १,००० ते १,२०० हवा. डब्यावरच्या ‘क्लासिक’ या शब्दावर विसंबू नका. आकडा कुठेच दिला नसेल तर मी ते ऑइल घेत नाही.

३. गाडी फारशी चालत नसली तरी वर्षातून एकदा ऑइल बदला. छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरेसं तापत नाही आणि ऑइलमध्ये पाणी साठतं.

जपून: फॉस्फरस वाढवायला झिंकच्या रसायनाची वेगळी बाटली ऑइलमध्ये ओतू नका. ऑइलमधल्या बाकीच्या रसायनांचा मेळ बिघडतो आणि प्रमाण फार वाढलं तर उलट झीज वाढते.